आश्वासनाची भाषा आणि त्याची पडताळणी

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातील धंतोली भागात, यशवंत स्टेडियमच्या परिसरात गेलात, तर धरणे-मंडप, फलक आणि विधान भवनाच्या दिशेने निघण्याच्या तयारीत असलेले मोर्चे तुम्हांला दिसतील. त्या फलकांवरील मजकूर लक्षपूर्वक वाचा. पुष्कळदा मागणी नवी नसते. पूर्वी दिलेल्या शब्दाची ती आठवण असते.

अधिवेशन नागपुरात भरते तेही एका लेखी शब्दामुळेच. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. हा करार म्हणजे निवडणुकीचा जाहीरनामा नव्हे. परंतु आश्वासन कसे तपासावे, हे शिकण्यासाठी याहून चांगला नमुना सहसा सापडणार नाही. शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपूर येथे यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे व्हावे, असे त्यात म्हटले होते. यातील ‘किमान एक अधिवेशन’ हे शब्द मोजता येतात. 2020 व 2021 मध्ये करोनाच्या काळात नागपुरात अधिवेशन झाले नाही, हे कोणालाही सांगता येते. तो शब्दभंग मानावा की अपरिहार्य अपवाद, एवढाच वाद उरतो. याउलट ‘ठरावीक काळ’ म्हणजे किती दिवस? तेथे शब्दच निसटता आहे, म्हणून पडताळणीही निसटते.

याच करारातील दुसरे कलम अधिक मोलाचे होते. विकासखर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे ते कलम सांगते. हे तपासायचे तर मोजपट्टीच तयार करावी लागते. ते काम 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने केले. 1984 च्या अहवालात समितीने राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये ठरवला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के निघाला. शब्द दिल्यापासून त्याचे माप निघेपर्यंत तीन दशके गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवा. ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भाच्या बोलण्यात रुळला, तो या मोजणीमुळे.

आता अलीकडचा जाहीरनामा घेऊ. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने ‘लाडकी बहीण’ योजनेची दरमहा 1,500 रुपयांची रक्कम 2,100 करण्याचे आश्वासन दिले. आकडा स्पष्ट, लाभार्थी स्पष्ट. मुदत मात्र नाही. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात ही वाढ नव्हती. विरोधकांनी त्यास शब्दभंग म्हटले. जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो, असे सत्तापक्षाकडून सांगण्यात आले. दोन्ही बाजू एकाच वाक्यावर उभ्या आहेत! वाक्यात कालवाचक पद नसल्याने हे घडले. व्याकरणाचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

‘देऊ’, ‘देण्याचा प्रयत्न करू’ आणि ‘देण्याबाबत विचार करू’ ही तीन क्रियारूपे भविष्याकडेच पाहतात. पण पहिल्यात बांधिलकी आहे, तिसऱ्यात जवळजवळ नाही. विचार केला, एवढे म्हटले तरी तिसरे आश्वासन पाळले जाते.

कायद्याचे साहाय्य येथे मर्यादित आहे. 2013 च्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात जाहीरनाम्यातील आश्वासने हा भ्रष्ट मार्ग ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र निवडणूक आयोगास मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. आश्वासनामागील कारण आणि निधी उभारण्याचे मार्ग जाहीरनाम्यातून ढोबळमानाने कळावेत, अशी अपेक्षा त्यानुसार आचारसंहितेत आली. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. प्रचारसभेतील शब्द तिच्या कक्षेत येत नाही; तो आपणच जपून ठेवावा लागतो.

तो तपासताना घोषणा, शासन निर्णय, अर्थसंकल्पातील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांची गल्लत करू नका. तरतूद झाली म्हणजे पैसा खर्च झाला असे नव्हे. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी मांडले की पुष्कळ उलगडा होतो. माहिती उपलब्ध नसल्यास माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार अर्ज करता येतो.

स्वाध्याय : आपल्या मतदारसंघातील कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातून पाच वाक्ये निवडा. प्रत्येकात कर्ता, संख्या आणि मुदत आहे काय, ते नोंदवा. जेथे मुदत नाही, तेथे ते वाक्य पडताळता येईल अशा रीतीने पुन्हा लिहा.