हार्नेस अंगाला बसला का?

पॅराग्लायडिंग म्हटले की डोळ्यांसमोर येते ते रंगीबेरंगी छत. कामशेतच्या डोंगरांवर जमणारी हौशी मंडळीही चौकशी करतात ती छताचीच. वैमानिक ज्यात बसतो त्या हार्नेसकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः छताशी त्याचा सारा संबंध दोन कॅरॅबिनर आणि हार्नेसचे पट्टे यांच्यामार्फतच असतो.

योग्य मापाचा हार्नेस विकत घेतला की काम संपले, हा गैरसमज आहे. तो अंगाला जुळवून घ्यावा लागतो आणि तेही डोंगरावर नव्हे, तर घरी भक्कम हुकाला टांगून. बूट-जाकीट चढवून, राखीव पॅराशूट व पाठीमागच्या कप्प्यातील सामान जागेवर ठेवूनच त्यात बसावे. पाण्याच्या बाटलीनेही तोल बदलतो. खांद्याचे पट्टे फार आवळले तर ताठ उभे राहता येत नाही, फार सैल सोडले तर धड मागे कलंडते. हात न लावता, केवळ गुडघे उचलून आसनात सरकता आले पाहिजे. ते जमले नाही, तर जमिनीलगत असतानाच ब्रेक सोडून हाताने आसन ओढण्याचा मोह होतो, आणि तो धोक्याचा असतो.

खरा पेच छातीच्या पट्ट्याचा. दोन कॅरॅबिनरमधील अंतर वैमानिकाच्या वजनानुसार साधारण ४० ते ४८ सेंटिमीटर ठेवतात. छताच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. पट्टा सैल असला की शरीर झुकवून वळणे सोपे जाते, पण छताची एक बाजू मिटली तर वैमानिक त्याच बाजूला कलतो. घट्ट पट्ट्यात स्थिर वाटते खरे. मात्र दोऱ्यांना पीळ पडण्याची शक्यता वाढते. नवशिक्याला घट्ट पट्टाच सुरक्षित वाटतो, ही यातली मेख.

मांडीचे पट्टे मात्र जुळवण्यापेक्षा विसरण्यामुळे जीव घेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुल्लूजवळील डोभी येथे तेलंगणची एक पर्यटक तरुणी उड्डाणादरम्यान खाली पडून मरण पावली. तिचा सुरक्षा पट्टा तपासला गेला नव्हता, असे प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले. मांडीचे पट्टे लावल्याखेरीज छातीचा पट्टा बंदच होणार नाही, अशी रचना अनेक नव्या हार्नेसमध्ये असते.

टांगलेल्या अवस्थेतच डोळे मिटून राखीव पॅराशूटची मूठ चाचपून पाहावी. पट्टे वापराने थोडे सरकतात. त्यांची लांबी मोजून वहीत नोंदवली, तर पुढच्या खेपेस अंदाजाने आवळावे लागत नाही.