चंद्राला कोण धरून ठेवतं?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका वाचनालयात कृत्रिम उपग्रहांवर बोलताना मी म्हणालो, "इतक्या उंचीवर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात." कुठेतरी वाचलेले होते, तेच विश्वासाने पुढे सांगत आलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. "काका, चंद्र तर त्याहून कितीतरी लांब आहे. मग त्याला कोण धरून ठेवतं?"

मी काहीतरी गोलमाल उत्तर दिले. परतताना एसटीत मात्र स्वतःचीच लाज वाटली. विज्ञानाची पदवी नसताना लोकांना विज्ञान सांगायला निघालेल्या माणसाने निदान स्वतः पडताळून तरी पाहायला हवे होते.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे ठाऊक होते. चूक होती ती अंतर जमिनीपासून मोजण्यात. ते मोजायचे पृथ्वीच्या केंद्रापासून. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरते, म्हणजे केंद्रापासून ६,७७१ किलोमीटरवर. हिशेब केला तर तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के निघते! तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे ५३ किलोच्या आसपास भरेल. तो तरंगणार नाही, मुकाट उभा राहील.

मग स्थानकातला माणूस का तरंगतो? याचे उत्तर 'वजन' या शब्दात आहे. आपल्याला जाणवते ते वजन म्हणजे पृथ्वीची ओढ नव्हे. ती ओढ अडवणाऱ्या जमिनीचा किंवा खुर्चीचा आपल्यावर येणारा दाब होय. अडवणारेच आपल्याबरोबर पडू लागले, तर ओढ तशीच राहते आणि वजन नाहीसे होते.

हे घरीही पाहता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडे ठेवा. धार लागेल. आता खाली कोणी नाही असे पाहून बाटली गच्चीवरून सोडून द्या. ती पडत असेतो धार थांबलेली दिसेल. गुरुत्वाकर्षण कुठे गेलेले नसते. बाटली आणि पाणी सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाणी बुडावर दाब देत नाही, इतकेच. १९८४ साली राकेश शर्मा 'सॅल्यूत-७'मध्ये तरंगत होते, ते या बाटलीतल्या पाण्यासारखेच.

पण बाटली जमिनीवर आदळते, स्थानक का आदळत नाही? न्यूटनच्या मृत्यूनंतर १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका ग्रंथात याचे सुंदर उत्तर आहे. उंच डोंगरावरून तोफेचा गोळा आडवा मारला, तर तो दूर जाऊन पडतो. वेग वाढवला तर आणखी दूर. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे ७.९ किलोमीटर सरळ पुढे गेले, की जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने निघालेला गोळा, हवेचा अडथळा नसेल तर, पडत राहतो आणि जमिनीपर्यंत कधीच पोहोचत नाही. ४०० किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटरच्या आसपास असतो आणि एक फेरी साधारण ९२ मिनिटांत होते.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते की, गुरुत्वाकर्षण आणि केंद्रोत्सारी बल यांचा तोल साधल्यामुळे उपग्रह पडत नाही. जमिनीवरून पाहणाऱ्याला हे पटू नये. बलांचा खरोखरच तोल साधला असता, तर उपग्रह सरळ रेषेत निघून गेला असता. त्याचा मार्ग वळतो, याचाच अर्थ तिथे तोल नाही. ओढ एकटीच काम करते आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. चंद्र केंद्रापासून पृथ्वीच्या ६० त्रिज्या दूर आहे. म्हणजे तिथली ओढ जमिनीवरच्या ३,६०० व्या भागाइतकी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागले की सुमारे १.४ मिलिमीटर येतात. आणि चंद्राचे अंतर व त्याच्या फेरीचे २७.३ दिवस यांवरून काढले, तरी तो सरळ रेषेपासून दर सेकंदाला तेवढाच पृथ्वीकडे झुकतो, असे निघते. झाडावरून पडणारे फळ आणि चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे न्यूटनने १६८७ साली याच हिशेबाने दाखवले.

तेव्हापासून मी 'शून्य गुरुत्वाकर्षण' हा शब्द वापरणे सोडले. 'वजनरहित अवस्था' म्हणतो. ती मुलगी आता तिशीच्या घरात असेल. त्या दिवशी देता आले नाही ते उत्तर असे: बाई गं, चंद्राला पृथ्वीच धरून आहे. तो पडतोच आहे, फक्त पडता पडता दर वेळी पृथ्वीला चुकवून पुढे जातो.