स्वयंचलित गिअरबॉक्सचे दोषनिदान आणि स्कॅन टूल : एक विवेचन

प्रस्तावना :
स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये यांत्रिकी, द्रवशक्ती आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही शाखा एकत्र येतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही निदानप्रणाली अनिवार्य झाली आणि सोळा पिनांच्या एकाच प्रमाणित जोडणीतून निरनिराळ्या कंपन्यांच्या वाहनांतील दोषसंकेत वाचणे शक्य झाले. तथापि संकेत वाचणे म्हणजे निदान करणे नव्हे. हा भेद न जाणल्यास सुस्थितीतील गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो आणि त्याचा भुर्दंड वाहनमालकास सोसावा लागतो.

दोषसंकेतांचा अर्थ :
‘पी०७००’ हा संकेत गिअरबॉक्सच्या नियंत्रणव्यवस्थेत दोष असल्याची सर्वसाधारण सूचना होय. मूळ संकेत बहुधा गिअरबॉक्सच्या नियंत्रकात असतो व साध्या स्कॅनरला तो दिसेलच असे नाही. ‘पी०७५०’ हा शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’शी संबंधित आहे; परंतु दोष सोलेनॉइडमध्ये, वायरीत किंवा जोडणीत असू शकतो. ‘पी०७३०’ गिअरचे गुणोत्तर चुकल्याचे सांगतो. त्यामागे कमी तेल, झिजलेला क्लच अथवा सदोष वेगसंवेदक असू शकतो.

चालू वाहनातील नोंदी :
खरे निदान येथे होते. समजा, नियंत्रकाने १:१ गुणोत्तराचा गिअर दिला आहे. आत येणाऱ्या शाफ्टचा वेग मिनिटास २४०० फेरे व बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा २००० फेरे आहे. गुणोत्तर १.२ येते; अर्थात गिअर घसरत आहे. याउलट, मोटार सुरळीत धावत असता बाहेरच्या शाफ्टचा वेग मधूनच शून्य दिसत असेल, तर संशय संवेदकावर वा त्याच्या वायरीवर जातो. तसेच टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच पूर्ण लागल्यावर इंजिन व टर्बाइन यांचे वेग जवळजवळ समान हवेत.

तपासणीचा क्रम :
प्रथम तेलाची पातळी व अवस्था पाहावी. संकेत पुसण्यापूर्वी ते सर्व लिहून घ्यावेत. त्यानंतर वायरींची तपासणी, वाहन चालवून घेतलेल्या नोंदी आणि तेलदाबाची चाचणी करावी. गिअरबॉक्स उघडणे ही शेवटची पायरी होय.

निष्कर्ष :
स्कॅन टूल तपासाची दिशा दाखवते. कारण शोधण्याचे काम तंत्रज्ञाचेच राहते. म्हणून वाहन तंत्रज्ञानाच्या अध्यापनात संकेतांच्या पाठांतरापेक्षा नोंदींच्या अर्थनिर्णयावर अधिक भर देणे आवश्यक ठरते.