म्हाताऱ्या जीपची नाडीपरीक्षा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कराडहून माझ्या माहेरी, चिपळूणला निघालो होतो. मागे सासूबाई, दोन्ही मुलं आणि येताना आंबे आणायला घेतलेल्या रिकाम्या करंड्या. पाटण यायच्या आधी सरळ रस्त्यावर डावं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि जीपला जे कापरं भरलं ते काही केल्या थांबेना! ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग डावी-उजवीकडे गदागदा हलत होतं. मुलं ओरडायला लागली, सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. वेग अगदी वीसपर्यंत खाली आला, तेव्हा कुठे ते कापरं थांबलं.

पुढे कुंभार्लीचा घाट होता. तो कसा उतरलो ते आमचं आम्हाला ठाऊक. माहेरच्या ओटीवर पाय ठेवल्याबरोबर मी सांगून टाकलं, "अहो, मुलांना घेऊन मी पुन्हा या गाडीत बसायची नाही."

जीप सासऱ्यांच्या वेळची. विकायचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा उतरतो. बरं, खर्च करायचा राहिला होता असंही नाही. वर्षभरात एका मिस्त्रीने पुढचे शॉकअप बदलले, दुसऱ्याने टायर नवे घ्यायला लावले, तिसऱ्याने स्टिअरिंगला डॅम्पर बसवून दिला. दर वेळी आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर ऐकायला मिळायचं, "वहिनी, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच!"

माझ्या मनात आलं, मुलाला ताप आला की आपण डॉक्टरांना नुसतं 'बरं नाही' असं सांगतो का? केव्हा चढतो, किती चढतो, अंगावर पुरळ आहे का, सगळं सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही वर्षभर एकच वाक्य सांगत होतो : गाडी हलते! मग दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि तिची मागची पानं जीपला दिली.

दुखणं केव्हा उठतं?

जीपची घडण साधी. मूळ ती दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनली. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि आपल्याकडच्या गावोगावच्या बहुतेक जुन्या जीपा त्याच घराण्यातल्या. त्यांची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलला असतात आणि तो ॲक्सल पोलादी पाट्यांवर बसवलेला असतो. म्हणून एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही पोचतो. मधले सांधे घट्ट असतील तर तो तिथेच जिरतो. सांधे ढिले असतील तर दोन्ही चाकं एकमेकांना झोके देत राहतात. यालाच गॅरेजात 'वॉबलिंग' म्हणतात. अमेरिकेतले जीपवाले तर याला चक्क मरणाचं कापरं म्हणतात!

आठ दिवसांत वहीत काय काय नोंदलं? कापरं पंचेचाळीस-पन्नासच्या वेगालाच भरतं. गुळगुळीत रस्त्यावर नाही, एका चाकाला धक्का बसला की. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत नाही. एवढ्यावरूनही बरंच कळतं. गुळगुळीत रस्त्यावरही ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांच्या बॅलन्सिंगकडे बघावं. गाडी सारखी एकीकडे ओढत असेल तर टायरमधली हवा किंवा चिकटलेला ब्रेक तपासावा. खड्ड्यातून गेल्यावर गाडी होडीसारखी डुलत राहिली तर शॉकअप गेले समजावं.

टायर बोलतात

पहिली तपासणी फुकटची. चारी टायरमधली हवा गार असताना, गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी करून घ्या. नंतर टायरवरून हात फिरवा. मधलाच भाग झिजलेला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली. चढउतार लागले तर शॉकअप, बॅलन्सिंग किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी. पुढचे टायर मागे टाकून पाहावेत. कापरं कमी झालं तर दोष टायरचा. आमच्याकडे काडीचाही फरक पडला नाही.

शिवणाची टेप घ्या

सपाट जागी गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू बरीच खाली असेल तर त्या बाजूचे पाटे बसलेत किंवा एखादा तुटलाय. पाटे पुसून बारकाईने बघा, चीर मळीखाली लपते. मग चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. ही दोन मापं सारखीच यायला हवीत. फरक आला तर बहुधा पाट्यांचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असतो. अशी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते.

शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का, पाट्यांच्या टोकाचे बुश चेंबलेत का, यू-बोल्ट घट्ट आहेत का, हेही बघून घ्यावं. मोटारीसारखी जीप हाताने दाबून परीक्षा घ्यायला जाऊ नका. पाटे कडक असतात, कंबर आपलीच धरते.

दोघांनी करायची परीक्षा

यात नवरा-बायको दोघंही लागतात, आणि भांडण झालं नाही तर काम झकास होतं! गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. मी स्टिअरिंगवर बसून ते थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहिले. हे पुढे उकिडवे बसून एकेक सांधा बघत होते. एक दांडा हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा जरा उशिरा हलतो, असं दिसलं की तिथला सांधा झिजला. स्टिअरिंग बॉक्सच चेसीवर हलत असेल तर त्याचे बोल्ट सैल आहेत. आमचे सांधे ठीक निघाले.

शेवटची परीक्षा चाक उचलून करायची. इथे मात्र जिवाशी खेळ नको. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले आणि ॲक्सलखाली मजबूत स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नाही, मुलांना अंगणात येऊ द्यायचं नाही.

उचललेलं चाक वरून आणि खालून धरून ह्यांनी आत-बाहेर हलवलं. खटखट! डाव्या चाकात ढिलेपणा होता. तो बेअरिंगचा की किंगपिनचा? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. चालूच राहिली तर किंगपिनचा, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचा. मी ब्रेकवर पाय रोवून बसले. खटखट तशीच!

निदान आणि औषध

वही घेऊन मी स्वतः गॅरेजात गेले. मिस्त्री आधी हसले. वाचल्यावर मात्र म्हणाले, "वहिनी, असं कुणी लिहून आणत नाही हो!" किंगपिन उघडल्यावर आतली बेअरिंग झिजून खड्डे पडलेली निघाली. दोन्ही बाजूंची नवी घातली. तिथे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्या कमी-जास्त करून ढिलेपणा काढायचा असतो. चाक अवघड वळेल इतकंही आवळायचं नाही, खटखटेल इतकं सैलही ठेवायचं नाही. सगळं मिळून खर्च नव्या टायरांच्या मानाने किरकोळ.

खरी परीक्षा पुढेच होती. मी डॅम्पर काढून ठेवायला लावला. डॅम्पर कापरं दाबून धरतो, बरं करत नाही. नुसत्या तापाच्या गोळीने ताप उतरतो, आजार राहतो, तसंच. डॅम्परशिवाय हे दोघे आधी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत जाऊन आले. कापरं नाही! त्यानंतरच मी मुलांना गाडीत बसवलं.

एवढं लक्षात ठेवा

चालत्या गाडीला कापरं भरलं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडी आपसूक हळू होऊ द्यावी. घाबरून कचकन ब्रेक मारू नये. त्यानंतर कारण सापडेपर्यंत ती गाडी दूरच्या प्रवासाला नेऊ नये.

गाडी उंच दिसावी म्हणून जास्तीचे पाटे किंवा लांब शॅकल लावून घेण्याच्या फंदात पडू नका. सायकलच्या पुढच्या दांड्याला जसा कल असतो आणि त्यामुळे हँडल आपोआप सरळ येतं, तसाच कल जीपच्या पुढच्या चाकांना असतो. उंची वाढवताना तो बिघडतो आणि गाडी रस्ता सोडून भटकायला लागते.

आणि ग्रीस विसरू नका. सांध्यांना वेळच्या वेळी, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली तर लगेचच.

पाटा तुटलेला किंवा बोल्ट सैल दिसला तर घरी खटपट करू नका, मिस्त्रींना बोलवा. पण बोलवाल तेव्हा हातात वही असू द्या.

आमची जीप यंदा आंब्यांच्या भरलेल्या करंड्या घेऊन घाट चढून आली. सासूबाईंनी रामरक्षा म्हटली, पण ती रोजच्यासारखी, देवापुढे दिवा लावल्यावर!