तिसऱ्या रुळाची आगगाडी
लायोनेल कंपनीच्या खेळण्यातल्या जुन्या अमेरिकन आगगाड्यांच्या खोक्यावर ‘ओ गेज’ दिसते आणि घोळ सुरू होतो. गेज म्हणजे बाहेरच्या दोन रुळांमधले अंतर, इथे सव्वा इंच. स्केल म्हणजे खऱ्या गाडीशी प्रमाण. अमेरिकेत ओ स्केल १:४८, म्हणजे ४८ फुटी डबा एक फुटाचा व्हायला हवा. पण दिवाणखान्यात मांडायच्या रुळांची वळणे फार तीव्र असत, म्हणून लायोनेलने बरेच डबे सरळ आखूड केले. संग्राहक यावर तासन्‌तास वाद घालतात. पोरांना त्याचे काहीच नव्हते.

या गाडीला तीन रूळ असतात: मधला वीज आणतो, बाहेरचे दोन ती परत नेतात. गाडी अडखळत असेल तर आधी रूळ आणि इंजिनाखालचे वीज घेणारे छोटे रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावेत. स्टील वूल नकोच. त्याचे बारीक तंतू मोटरीत शिरतात. इंजिन नुसतेच गुणगुणते, हलत नाही? बहुधा ते बिघडलेले नसतेच. दिशा बदलणारे ई-युनिट पुढे, थांबा, मागे, थांबा अशा क्रमाने फिरते आणि ‘थांबा’वर असते. वीज क्षणभर तोडून पुन्हा द्यावी. तरीही ढिम्म असेल, तर कारण वाळलेले ग्रीस, मोटरीचा काळवंडलेला कॉम्युटेटर किंवा झिजलेले ब्रश.

ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचे वेष्टण तडकले असेल तर प्लग लावूच नये. भारतात आणलेला संच तर थेट आपल्या २३० व्होल्टला जोडायचाच नाही. मूळ ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा, त्याच्याआधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा.