तीन मिनिटांत ई-मेल!

मागच्या दिवाळीत लकडगंजातल्या आमच्या लाकडाच्या वखारीचं ऑफिस साफ करत होतो. जुन्या बिलबुकांच्या गठ्ठ्यामागे एक करड्या रंगाची चपटी डबी सापडली. समोर ओळीने बारीक दिवे, मागे टेलिफोनच्या वायरसाठी दोन खाचा. काकांना दाखवली तर ते हसायलाच लागले. "अबे, हा मॉडेम होय! यानं मला किती रडवलं, तुला काय माहीत!"

मग आरा मशीनच्या घरघरीत काकांनी जो किस्सा सांगितला, त्यात नेटवर्किंगच्या अर्ध्या सेमिस्टरचा अभ्यास झाला. तोच इथे मांडतो आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमतर्फे. पुढे ते नागपुरातही आलं आणि २००१ साली काका इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या ऑफिसात पोहोचलं. पण फोनची लाइन एकच! तिच्यावरच आजोबांचा धंदा चालायचा. सागाचा भाव विचारणारे, ट्रक कुठे अडकला ते सांगणारे, सगळे त्याच नंबरवर. काका मेल बघायला बसले की फोन एंगेज. मग कुणीतरी प्रत्यक्ष वखारीत येऊन विचारायचं, "तुमचा फोन काऊन लागून नाही राह्यला?" आणि आजोबा काकांकडे नुसते बघायचे.

५६ के म्हणजे नेमकं किती?

मॉडेमवर लिहिलेलं असायचं '५६ के'. पण हे ५६ किलोबिट, किलोबाइट नव्हे. आठाने भागा, उरतात ७ किलोबाइट दर सेकंदाला. तेही कागदावर. टेलिफोन यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बनलेली. ती साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. मॉडेम आपल्या शून्य-एकचं रूपांतर या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजात करतो. सुरुवातीची ती प्रसिद्ध किर्र-खर्र म्हणजे दोन्हीकडचे मॉडेम 'लाइन किती स्वच्छ आहे, किती वेगाने बोलायचं' हे ठरवत असायचे. लाइनमध्ये खरखर असली की वेग आणखी खाली. काकांना मिळायचे सरासरी ४ किलोबाइट.

आता हिशोब बघा. लोकल कॉल तेव्हा ३ मिनिटांच्या युनिटवर मोजला जायचा. म्हणजे १८० सेकंद. त्यातले ३० सेकंद डायल करण्यात आणि पासवर्ड तपासण्यात गेले. उरले १५०. गुणिले ४, म्हणजे ६०० किलोबाइट. साध्या मजकुराची मेल ४ किलोबाइटची धरली तर एका युनिटमध्ये दीडशे मेल! मग अडचण कुठे होती?

फोटोंनी घातलेला घोळ

अडचण होती अटॅचमेंटची. काकांच्या एका मित्राने सहलीचे पाच फोटो पाठवले. प्रत्येकी अर्धा मेगाबाइट, म्हणजे एकूण अडीच. पण ई-मेलची व्यवस्था मुळात मजकुरासाठी. फोटो पाठवताना त्याच्या दर ३ बाइटचे ४ अक्षरांत रूपांतर होते. त्यामुळे फाइल एकतृतीयांशाने फुगते. अडीचचे झाले सव्वातीन मेगाबाइटच्या वर. ४ किलोबाइटच्या वेगाने हे उतरायला १४ मिनिटं, म्हणजे पाच युनिटं!

बरं, १४ मिनिटं लाइन टिकली तर ना! बाराव्या मिनिटाला घरातल्या एक्स्टेंशनचा रिसीव्हर कुणीतरी उचलला आणि कनेक्शन तुटलं. इथे खरी मेख आहे. सर्व्हरवरून मेल उतरवणारा पॉप-थ्री हा प्रोटोकॉल अर्धी मेल लक्षात ठेवत नाही. पुन्हा जोडलं की ती मेल पहिल्या बाइटपासून सुरू. शिवाय मेल एकामागून एक उतरतात आणि सर्व्हरवरून त्या पुसल्या जातात ते शेवटी 'क्विट' म्हटल्यावरच. मध्येच लाइन तुटली तर आधी उतरलेल्या मेलही पुन्हा येऊ शकतात.

तीन दिवस हेच चाललं. फोटोंच्या मागे बाकीच्या मेल अडकून पडल्या, रेल्वे फाटकात गाड्या अडकाव्यात तशा. शेवटी काका इतवारीतल्या एका सायबर कॅफेत गेले आणि ब्राउझरमधून मेलबॉक्स उघडला. ब्राउझरमध्ये आधी फक्त यादी दिसते, मेल उतरवावी लागत नाही. फोटोंची मेल डिलीट केली. तिच्या खालीच होतं पुण्याच्या एका कंपनीचं इंटरव्ह्यूचं पत्र. तारीख परवाची!

दुसऱ्या दिवशी काका महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाले, जनरलच्या डब्यात उभ्याने. वेळेवर पोहोचले. ती नोकरी काही लागली नाही. "पण नाही म्हणाले ते मला पाहून म्हणाले," काका म्हणाले, "फोटोंमुळे राहून गेलं असतं तर जन्मभर चुटपुट लागली असती."

काकांचे नियम

परत आल्यावर काकांनी एक कागद फोनच्या वर चिकटवला. त्यावरचे नियम असे होते:

१. मेल ऑफलाइन लिहायची, आउटबॉक्समध्ये ठेवायची. लाइन जोडून विचार करत बसायचं नाही.

२. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये नियम लावायचा: ठरावीक आकारापेक्षा मोठी मेल सर्व्हरवरून उतरवायचीच नाही. काकांनी मर्यादा ठेवली १०० किलोबाइट.

३. 'पाठवून-घेऊन झाल्यावर फोन ठेव' या पर्यायावर खूण करायची. आपण विसरलो तरी मॉडेम विसरत नाही.

४. घड्याळ समोर ठेवायचं. २ मिनिटं ५० सेकंदांना थांबायचं. पण वीस सेकंदांत तोडून पुन्हा जोडण्यात फायदा नाही, दोन्ही वेळा पूर्ण युनिट पडतं.

५. वेळ दुपारी जेवणाची, आजोबांना विचारून. घरात ओरडून सांगायचं, "फोन उचलू नका!"

पुढच्या महिन्यापासून फोनचं बिल खाली आलं आणि आजोबांचं बघणंही बंद झालं!

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्यात इंटरनेट चालू असतानाही फोन वाजतो, कारण डेटा आवाजाच्या पट्ट्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर जातो. डायल-अप हळूहळू मागे पडलं. अमेरिकेत एओएल कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली.

मग आज हे कशाला वाचायचं? कारण कमजोर लाइन संपलेली नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या गावात रेंजची एकच कांडी असते, तिथे तुमचं अ‍ॅप प्रत्येक वेळी पहिल्या बाइटपासून सुरू होत असेल, तर तिथल्या पोरालाही काकांसारखंच पत्र मिळायला उशीर होईल. म्हणून प्रोजेक्ट करताना तीन प्रश्न विचारा: लाइन तुटली तर काय? आधी लहान वस्तू येते की मोठी? आणि मोठी वस्तू नाकारायची सोय आहे का?

मॉडेम मी घरी आणला आहे. बघायचा असेल तर सांगा. फक्त फोन उचलू नका!