फियाटच्या पायाखालचा आवाज

दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा आलेला आवाज श्रावण संपता संपता सापडला. गाडी 1984ची प्रीमियर पद्मिनी, पण डोंबिवलीत तिला आजही सगळे फियाटच म्हणतात. आवाज एकच, कोरडा: टक्क. मागच्या सीटवरच्या माणसाच्या पायाखालून यायचा, कुणीतरी खालून पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोठावल्यासारखा. कधी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना, कधी दुसरा टाकल्यावर. मग कित्येक दिवस काहीच नाही. आणि गॅरेजच्या दारात तर कधीच नाही.

सतत येणारा आवाज फार त्रास देत नाही, त्याच्या मागे मागे गेलं की जागा सापडते. अधूनमधून येणाऱ्या आवाजाला मात्र चार-पाच गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात: गाडीतला भार, ऊन, ओल, रस्ता, गिअर. त्यातली एक जरी निसटली तरी तो गप्प बसतो. म्हणून आवाज कुठून येतो हे आधी विचारायचं नाही, केव्हा येत नाही हे विचारायचं. ही रीत मला शिकवली ती प्रीमियरमध्ये उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांनी पहिल्या दिवशी पान्ह्याला हातही लावला नाही. "वही घाल गाडीत. आवाज आला की लिही, आणि नाही आला तरी लिही," एवढंच म्हणाले.

अशी माणसं डोंबिवलीत भेटतात याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. गाड्यांचा मुख्य कारखाना कुर्ल्याला, आणि दुसरा आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर. फियाटच्या परवान्यावर तयार होणारी 1100 डिलाइट 1964 साली आली. परवान्याची मुदत संपल्यावर तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 साली पद्मिनी. 1990च्या दशकात डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो 309 जोडली जाऊ लागली, पण कामगारांचा तंटा आणि बाजारातली नवी स्पर्धा यांत ते सगळंच आटोपलं. कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत. माणसं मात्र इथंच घरं करून राहिली, आणि त्यांच्या हातातली माहितीही त्यांच्याबरोबर राहिली. शहरानं तिची म्हणावी तशी कदर केली नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

थंडीचे दिवस इंजिन बाजूला काढण्यात गेले. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस वाढवली, आवाज नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून काकांनी टॅपेट ऐकले. 1089 सीसीचं ते इंजिन आपलं नेहमीचं बोलत होतं, जास्त काही नाही. मग पत्री पुलाच्या उतारावर पहाटे, रस्ता मोकळा असताना, गिअर काढून गाडी नुसती सोडली. चाकं फिरताहेत, इंजिनाचा जोर नाही. तरी आवाज नाही. म्हणजे चाकांची बेअरिंगं संशयातून सुटली. जोर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जातो तेवढ्याच वेळी टक्क होतं, हे पक्कं झालं. उरले गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे जॉइंट, डिफ्रन्शिअल आणि इंजिनाची माउंटिंग.

ठाण्यातल्या एका गॅरेजनं मागचे शॉक अब्सॉर्बर बदलायला सांगितले होते. काकांनी कल्याण-शीळ रस्त्याच्या काँक्रीटवर गाडी नेली. तिथले सांधे ठरावीक अंतरावर येतात, त्यामुळे दणक्याशी नातं असलेला आवाज वेगाबरोबर भरभर वाढायला हवा. तसं काही झालं नाही. शॉक अब्सॉर्बर तसेच राहिले. एकेक भाग बदलत जायचं आणि आवाज कधी थांबतो ते पाहायचं, ही आजची सर्रास पद्धत जुन्या गाडीला मारक आहे. पैसा जातोच, पण अजून कितीतरी वर्षं चालला असता असा मूळचा भाग भंगारात जातो आणि त्याच्या जागी हलका माल बसतो.

मे महिन्यात आवाज वाढला, दुपारी जास्त. पाऊस लागला तेव्हा मला वाटलं, आता हा थांबेल. मागचे कमानपाटे कोरडे पडले की कुरकुरतात आणि पाणी शिरलं की गप्प होतात, हे फियाटवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण भर पावसात, घोडबंदर रस्त्यावरून येताना, टक्क झालंच. पाटे सुटले. उन्हात वाढतो आणि पाण्याला जुमानत नाही, तेव्हा संशय लोखंडावरून रबराकडे वळला.

उत्तर वहीतच होतं. काका पानं उलटत बसले आणि त्यांनी एका जागी बोट ठेवलं. मी एकटा असताना आवाज एकदाही नोंदलेला नव्हता. लग्नाला जाताना, हळदीकुंकवाला बायकांना सोडताना, आईला आणि मावशीला दवाखान्यात नेताना, म्हणजे मागची सीट भरलेली असतानाच तो आला होता. डिफ्रन्शिअलच्या दात्यांत ढिलाई असती तर गाडीत किती माणसं आहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. इंजिनाच्या माउंटिंगलाही नाही. मागे वजन पडलं की बॉडी खाली बसते, मागचा अ‍ॅक्सल तिच्या मानानं वर येतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. पद्मिनीचा हा शाफ्ट दोन तुकड्यांत आहे. मधोमध त्याला एक बेअरिंग धरून ठेवतं आणि ते बेअरिंग रबराच्या कड्यात बसलेलं असतं.

गॅरेजमध्ये हे का दिसत नव्हतं, तेही लगेच उलगडलं. मेकॅनिक एकटाच चक्कर मारून येतो. मग गाडी लिफ्टवर चढते, मागची चाकं लोंबकळतात, शाफ्टचा कोन उलट दिशेला जातो आणि रबराची चीर मिटते. काकांनी गाडी लिफ्टऐवजी जुन्या पद्धतीच्या खड्ड्यावर उभी केली, चारही चाकं जमिनीवर ठेवून. मागच्या सीटवर धिप्पाड माणसं बसवली. खाली उतरून शाफ्टखाली टॉमी लावली आणि हलकेच वर रेटली. रबराच्या कड्याच्या वरच्या अंगाला चांगली बोटभर चीर उघडली आणि बेअरिंगचं घर पट्टीवर आपटलं. टक्क.

नवं रबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालं. इथं एक सांगायला हवं: पाकिटातलं न वापरलेलं रबरही वर्षांनुवर्षं पडून कडक होतं. घेताना ते वाकवून पाहावं, पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या तर परत द्यावं. शाफ्ट काढण्याआधी काकांनी दोन्ही तुकड्यांवर रंगानं खूण केली, कारण ते फिरवून भलतीकडे जोडले की गाडी वेगात थरथरते. काम अर्ध्या दिवसात आटोपलं. शोधाला मात्र तीन ऋतू लागले, आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर 2023च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यामुळे सुटे भाग बनत होते आणि मेकॅनिकांचे कान तयार राहत होते. आता राहिल्या त्या घराघरांतल्या खासगी गाड्या. त्यांची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि एप्रिल 2022 मध्ये त्याचं शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झालं होतं. 2021च्या नियमांत व्हिंटेज म्हणून मान मिळतो तो पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना. ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीला तो अजून लांब आहे. तोवर तिला चालती ठेवायची तर फियाट ओळखणारी माणसं हवीत, आणि ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर गाडी बिघडायची वाट पाहू नका. एखाद्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि ते सांगतील ते उतरवून घ्या.